मागचा दिवा

खेळण्यातल्या गाडीला खराखुरा पेटणारा दिवा कशाला हवा, असा प्रश्न आपल्या घरांतून हमखास विचारला जातो. प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर किराणा उधारीवर येतो, त्या घरात खेळण्यावर आणि त्यातही खेळण्याच्या दिव्यावर खर्च करणे म्हणजे चैन वाटणारच. पण गेल्या वर्षभरात आमच्या घरात आणि नंतर आमच्या विहारात या विषयावर जे काही घडले, त्यावरून माझे मत वेगळे झाले आहे. ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखप्रपंच.

आधी या खेळण्याविषयी थोडेसे. प्लॅस्टिकच्या पट्ट्या जोडून घरात जमिनीवर एक गोल रस्ता तयार करायचा. या रस्त्यात लांबच लांब खाच असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या बारीक पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांतून कमी दाबाची वीज सोडलेली असते. गाडीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसते, पोटाखालचे दोन संपर्क पट्ट्यांना टेकतात, गाडीतल्या चिमुकल्या मोटारीला वीज मिळते आणि गाडी पळू लागते. हातात एक घोडा असतो. तो जास्त दाबला की गाडी जोरात, सोडला की थांबली. इंग्लंडमध्ये १९५७ साली 'स्कॅलेक्स्ट्रिक' या नावाने हे खेळणे बाजारात आले आणि तिथे घराघरांत पोहोचले. पुढे १९६० साली अमेरिकेत 'ऑरोरा' कंपनीने त्याहून लहान, तळहातावर मावतील अशा गाड्या काढल्या. आपल्याकडे हे खेळणे श्रीमंतांच्या घरीच दिसायचे. बारामती-इंदापूरच्या बाजारात ते मी कधी पाहिले नव्हते.

आमच्या घरी ते आले माझ्या धाकट्या बहिणीमुळे. ती पुण्यात घरकाम करते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, शिक्षणासाठी आमच्याकडे बारामतीत असते. यंदा ती नववीत होती. बहीण ज्या घरी काम करते त्या घरची मुले मोठी होऊन परदेशी गेली. माळा साफ करताना हा लहान गाड्यांचा संच निघाला. घरमालकीणबाई म्हणाल्या, "घेऊन जा, नाहीतर भंगारातच जाणार आहे." बहीण म्हणाली, "ताई, फुकट नको. काय ते सांगा, पगारातून कापून घ्या." शेवटी तीनशे रुपये ठरले. उतरलेले, टाकलेले, उष्टे घ्यायचे नाही हे आपल्या आयाबायांना बाबासाहेबांनी शिकवले. ते माझी बहीण आठवी नापास असूनही विसरलेली नाही, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

संचात चार गाड्या होत्या, पैकी दोन चालत होत्या. प्रत्येकीला समोर दोन आणि मागे दोन दिव्यांची नुसती चित्रे होती. भाचीने पहिल्याच आठवड्यात विचारले, "मामा, ह्यात खरे दिवे बसतील का?" मी बी.कॉम. झालेला कारकून. मला खतावणी कळते, ताळेबंद कळतो. विजेचे मला फ्यूज बांधण्यापलीकडे काही येत नव्हते. पण तिच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धाराविद्युत होती, ओहमचा नियम होता. मी म्हटले, "पुस्तक आण, आपण दोघे मिळून बघू."

दिवे म्हणजे एलईडी. दिवाळीच्या माळेत, मोबाइलच्या चार्जरवर, टीव्हीच्या कोपऱ्यात जो ठिपका पेटतो तोच हा. लाल रंगाचा डोळ्यांना दिसणारा एलईडी निक होलोनियाक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ साली केला. निळा मात्र पुढची तीस वर्षे जगाला नीट साधत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा होत नाही, कारण निळ्या एलईडीवर पिवळे रसायन चढवूनच पांढरा प्रकाश मिळवतात. जपानच्या तोकुशिमासारख्या आडबाजूच्या भागातल्या एका लहान कंपनीत नोकरी करणाऱ्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ च्या सुमारास लख्ख निळा एलईडी करून दाखवला. याच कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या शोधाला नोबेल मिळाले, तो दिवा आम्हाला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या दुकानात दोन रुपयांना एक असा मिळाला. भाचीला हे सांगितल्यावर तिने तो दिवा मुठीत घट्ट धरला.

आता काम कसे केले ते सांगतो, म्हणजे ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांना करून पाहता येईल. एलईडीला दोन पाय असतात. लांब पाय धन, आखूड पाय ऋण. उलटा जोडला तर पेटत नाही. पांढऱ्याला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि लालला २. आमच्या संचाच्या ट्रान्स्फॉर्मरवर १२ व्होल्ट लिहिलेले होते. सरळ जोडला तर दिवा क्षणात जळतो, म्हणून मध्ये रेझिस्टर घालायचा. शेतातल्या पाटाला जसे दारे असते, पाणी हवे तेवढेच वाफ्यात जावे म्हणून, तसाच हा. हिशेब भाचीने मांडला. १२ मधून ३ गेले, उरले ९ व्होल्ट. दिव्यातून १० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१ अँपिअर वीज जाऊ द्यायची. ९ भागिले ०.०१ म्हणजे ९०० ओहम. दुकानात जवळचा १००० ओहमचा मिळतो, तो घेतला. पुस्तकातला जो नियम ती पाठ करून कंटाळली होती, तो नियम वापरून दिवा पेटतो हे तिने त्या दिवशी पाहिले.

गाडीचे वरचे कवच सोडवले. दिव्यांच्या चित्रांच्या जागी तापवलेल्या सुईने भोके पाडली आणि हळूहळू मोठी केली. पुढे दोन पांढरे, मागे दोन लाल एलईडी आतून बसवले. तार म्हणून जळालेल्या मोटारीच्या गुंडाळीतली बारीक तांब्याची तार घेतली. तिच्यावर लाखेचा थर असतो, तो टोकाशी ब्लेडने खरवडल्याशिवाय कथील धरत नाही. तार चाकात किंवा दात्यांत अडकू नये म्हणून कडेने चिकटपट्टीने बसवली, पण कवच उघडता यावे इतकी ढील ठेवली. पहिल्यांदा पेटवले तर दिव्यांबरोबर सगळी गाडीच कंदिलासारखी उजळली, कारण प्लॅस्टिक पातळ होते. मग आतून काळा रंग दिला, तेव्हा कुठे प्रकाश फक्त दिव्यांतून येऊ लागला. सोल्डरिंगचे काम मोठ्या माणसाने जवळ बसूनच करून घ्यावे, आणि हे सारे ट्रान्स्फॉर्मरच्या पुढच्या कमी दाबाच्या बाजूलाच करावे. घरातल्या २३० व्होल्टच्या बाजूला मुलांचा हात जाता कामा नये.

रात्री घरातले दिवे मालवून गाडी सोडली. शेजारची पोरे गोळा झाली. पुढे पांढरा उजेड, मागे दोन लाल ठिपके. सगळे टाळ्या वाजवत होते. भाची मात्र घोडा दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. मग म्हणाली, "मामा, गाडी थांबली की मागचा दिवा पण जातो. मग मागून येणाऱ्याला कसं कळायचं की पुढं गाडी उभी आहे?"

हा प्रश्न तिने सहज विचारला, पण मला तो लागला. कारण तीन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतला एक तरुण असाच गेला. एमआयडीसीतली दुसरी पाळी करून मोटारसायकलवर घरी येत होता. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, चाक बसले म्हणून ट्रॅक्टर सोडवून नेलेला. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. घरात बायको, दोन मुले, म्हातारी आई. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी दोन शब्द बोललो खरा, पण काय बोललो ते मला आज आठवत नाही.

आपल्या भागात राहणाऱ्यांना हे चित्र नवे नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी अशा ठिकाणी साखर कारखाने. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्ता रात्रंदिवस उसाच्या वाहनांनी भरून जातो. एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, शिवाय बैलगाड्या. ऊस मागे इतका लोंबतो की दिवा असला तरी झाकून जातो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही आहे हे कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर तसेच संपले. आणि मोटारसायकलच्या आखूड प्रकाशात दिसते ते किती? हिशेब कोणीही करावा.

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दुरुस्तीच्या दुकानात जाऊन शोधले. तिथल्या मिस्त्रींनी दोन वस्तू हातावर ठेवल्या. एक डायोड, दुसरा कॅपॅसिटर. डायोड म्हणजे विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह. पाणी वर चढू देतो, परत खाली उतरू देत नाही. कॅपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी. नळाला पाणी असते तेव्हा भरून घ्यायची, पाणी गेले की वापरायची. ४७० मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टचा कॅपॅसिटर बोटाच्या पेराहून लहान असतो. तो गाडीच्या मागच्या भागात बसला. दोन्ही लाल दिवे एकामागे एक जोडून त्यांना १०,००० ओहमचा रेझिस्टर दिला, म्हणजे टाकीतली वीज थेंबाथेंबाने खर्च होईल. डायोड मध्ये घातला नसता तर साठवलेली वीज उलट मोटारीकडेच निघून गेली असती. कॅपॅसिटरलाही धन-ऋण बाजू असते, ती उलटी होऊ द्यायची नाही.

आता गाडी थांबली की पुढचे दिवे जातात, पण मागचे लाल दिवे दहा-बारा सेकंद पेटत राहतात आणि मग हळूहळू मंद होतात. खेळण्याला तेवढे पुरे. पण भाचीने त्यावरही विचारले, "खऱ्या ट्रॉलीला असं का नाही?"

मी आणि विहारातले चार कार्यकर्ते एका संध्याकाळी रस्त्यावर उभे राहून चालकांशी बोललो. एक चालक म्हणाला, "दादा, ट्रॉलीचा दिवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. ट्रॉली सोडली की कनेक्शन सुटलं. तिला दिवा कुठनं येणार?" म्हणजे आमच्या खेळण्यातली अडचण आणि रस्त्यावरची अडचण एकच होती. चालू असताना वीज ओढणाऱ्याकडून मिळते. थांबल्यावर, मागे एकटे पडल्यावर, म्हणजे जेव्हा दिव्याची खरी गरज असते तेव्हाच वीज तुटते.

त्यावर रस्त्यावरचा सोपा उपाय रिफ्लेक्टरचा आहे. त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. मागून येणाऱ्याच्या दिव्याचाच उजेड तो त्याच्याकडे परत पाठवतो. वाहनाला मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर असावेत असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. पोलीस, आरटीओ आणि कारखाने रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमाही घेतात. पण चिखलाने माखलेला, उसाच्या वाढ्यांनी झाकलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा. म्हणून गेल्या हंगामात आमच्या विहारातल्या मुलांनी वर्गणी काढून लाल चिकटपट्टीचे रीळ आणले. दर रविवारी संध्याकाळी मोठ्यांच्या सोबतीने, थांबलेल्या ट्रॉल्यांना, चालकाला विचारून, पट्ट्या लावल्या आणि जुन्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसल्या. बैलगाड्यांच्या मागेही लावल्या. बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या ऊसतोड मजुरांची मुले कोपीवरून धावत यायची आणि पट्टीवर बॅटरीचा झोत टाकून बघत बसायची. त्या मुलांपैकी दोघे-तिघे नंतर विहारात येऊ लागले. भाचीने त्यांना दिव्याची गाडी दाखवली आणि एलईडीचा लांब पाय कोणता ते शिकवले.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो, धम्मदाते म्हणून वंदन करतो. पण वीज हाही त्यांचा विषय होता, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि वीज व पाटबंधारे यांचे काम त्या खात्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे बोलताना, वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याशिवाय देशात उद्योग वाढणार नाहीत आणि दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. तेव्हा आपल्या मुलीने हातात सोल्डरिंग आयर्न धरले तर ती बाबासाहेबांच्याच एका कामाला हात लावते आहे असे समजावे. 'हे मुलींचे काम नाही', 'हे आपले काम नाही' ही वाक्ये आपण घरातून हद्दपार केली पाहिजेत. कोणी कोणते काम करायचे हे जन्मावरून ठरवणारी व्यवस्था आपण १९५६ साली नागपुरात सोडून आलो आहोत.

माझे आजोबा सांगत, की त्यांच्या वडिलांना वतनाच्या कामात रात्री-बेरात्री साहेबापुढे कंदील धरून चालावे लागे. उजेड साहेबाच्या पायापुढे आणि धरणाऱ्याच्या पायाला काटे. नाही म्हणायची सोय नव्हती. त्या वेठीतून बाबासाहेबांनी आपल्याला सोडवले. आज आपल्या हातात दिवा आहे तो आपला आहे, आणि तो कुठे धरायचा हे आपण ठरवायचे आहे. बहुतेक जण तो पुढे धरतात. आपला रस्ता दिसला पाहिजे, आपली मुले पुढे गेली पाहिजेत. त्यात गैर काही नाही. पण पुढचा दिवा आपल्यासाठी असतो, मागचा दिवा मागून येणाऱ्यासाठी असतो. त्याचा उजेड आपल्याला कधीच दिसत नाही, म्हणून तो विझला तरी आपल्या लक्षात येत नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती याच विझलेल्या मागच्या दिव्याची होती असे मला वाटते.

आपल्यातले अनेक जण नोकरीत लागले, पुण्या-मुंबईला गेले, फ्लॅटमध्ये राहू लागले. त्यांना वस्तीत परत येऊन राहा असे कोणी म्हणत नाही. पण नोकरीची वर्षे असतात तेव्हा थोडी टाकी भरून ठेवावी. महिन्यातला एक रविवार, वर्षातली चार पुस्तके, एखाद्या मुलाची परीक्षेची फी. नोकरी संपेल, पद जाईल, तरी तो साठा मागच्याला उजेड देत राहील. वीज समोरून येते आहे तोवर दिवा कोणाचाही पेटतो.

आता पुढचे. यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम झाला की पाठोपाठ गळीत हंगाम सुरू होईल. आपापल्या गावच्या विहारातून पाच-सात जणांनी मिळून लाल पट्टीचे एक रीळ आणावे. मोठ्या माणसांनी सोबत राहावे, मुलांनी रस्त्यावर उतरू नये, फक्त कडेला उभ्या वाहनांनाच पट्टी लावावी, आणि चालकाला 'दादा' म्हणून विचारावे. तोही कष्टकरीच आहे. ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांनी आजच तिचा मागचा रिफ्लेक्टर पुसून घ्यावा. आणि घरातले मूल एखादे बंद पडलेले खेळणे उघडून बसले असेल, तर त्याला रागावू नये. जवळ बसावे, त्याला काय हवे ते विचारावे. आमची भाची आता म्हणते, दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घेणार. तिच्या आईने फोनवर विचारले, "त्यात नोकरी लागते का?" भाची म्हणाली, "लागते आई. आणि नाही लागली तर दुकान टाकीन."

जयभीम.